कामाची पत्रिका



घरातील ज्येष्ठ व्यक्तीला तपासणीसाठी घेऊन येणारी मंडळी बहुधा पूर्ण तयारीनिशी येतात. त्यांच्या पिशवीत रक्ताचे जुने अहवाल असतात, ई.सी.जी.च्या पट्ट्या असतात, छातीचे एक्स-रे असतात आणि औषधांची रिकामी पाकिटेही असतात. मधुमेह कोणत्या साली निघाला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोणत्या डोळ्याची आधी झाली, हे सारे सून किंवा मुलगी तोंडपाठ सांगते. मात्र एक कागद त्या पिशवीत मला फार क्वचित आढळला आहे. समोर बसलेल्या या माणसाने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे कोणते काम केले, कोठे केले आणि कशा हवेत केले, हे सांगणारा तो कागद. केसपेपरवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे आपण एकच शब्द लिहून मोकळे होतो : निवृत्त. डॉक्टरही पुढे काही विचारत नाहीत. हा दोष मी इतरांना देत नाही, कारण माझ्या हातून तो माझ्याच घरात घडला आहे. आजचे सदर त्याविषयी आहे.

माझे वडील मुंबईच्या गिरणगावात साचेवाले होते. साचा म्हणजे माग, लूम. १९५६ साली, विशीत असताना, ते कोकणातून आले आणि परळ भागातील एका गिरणीच्या विणाई खात्यात बदली कामगार म्हणून लागले. पुढे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर असंख्य कामगारांप्रमाणे वडीलही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. उपनगरातील एका इमारतीवर त्यांनी अठरा वर्षे रखवालदारी केली. त्याच पगारात माझे वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले.

त्यांनी सत्तरी गाठली आणि घरात कुरबुरी सुरू झाल्या. दूरदर्शन संचाचा आवाज वाढला. हाक मारली तरी ते ओ देईनात. आई विचारी, “ताट काढू का?” आणि ते म्हणत, “खाट कशाला काढतेस?” प्रारंभी नातवंडे हसत. नंतर हसणे थांबले आणि काळजी आली. विचारलेल्या गोष्टीला भलतेच उत्तर, चारचौघांत गप्प बसणे, लग्नकार्याला जाण्याचा कंटाळा, ही लक्षणे पाहून मी, त्यांच्या डॉक्टर मुलाने, मनाशी निदान करून टाकले : स्मृतिभ्रंशाची सुरुवात. स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी मीच घेतली. तीत त्यांना कमी गुण पडले आणि माझ्या निदानाला जणू दुजोरा मिळाला. घरातील सर्वांनी त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलण्यास सुरुवात केली. हळूहळू त्यांना काही विचारणेच थांबले. ही अवस्था जवळजवळ तीन वर्षे टिकली.

मेंदुविकारतज्ज्ञ असलेल्या एका स्नेह्याने शेवटी सुचवले, “पुढच्या तपासण्या करण्यापूर्वी त्यांची श्रवणचाचणी तरी झाली आहे का?” ती झालेली नव्हती. चाचणी घेणाऱ्या तरुणीने आलेख पाहिला, वडिलांच्या अगदी समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, “बाबा, तुम्ही गिरणीत होता का?” वडिलांनी तिच्या ओठांकडे पाहिले, हसले आणि म्हणाले, “साचेवाला.” जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो मला वडिलांचे काम जन्मापासून ठाऊक असूनही सुचला नाही, आणि त्या अनोळखी मुलीला तो आलेखावरून सुचला.

श्रवणयंत्राची सवय होण्यास दोन-तीन महिने गेले. नंतर तीच स्मरणचाचणी पुन्हा घेतली, तेव्हा बहुतेक उत्तरे बरोबर आली. पहिल्या वेळी त्यांना उत्तरे येत नव्हती असे नव्हे. प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

साच्यांचा आवाज कोठे राहतो?

जुन्या पद्धतीच्या मागावर धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला ठोकरून फेकला जातो. हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. एका छपराखाली असे शेकडो माग एकाच वेळी चालत. अशा खात्यातील आवाज सामान्यतः ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा मानली आहे आणि अनेक तज्ज्ञ ८५ हीच सुरक्षित मानतात. हा फरक दिसतो तितका किरकोळ नाही. डेसिबलच्या मापनात दहाची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहापट वाढ होय.

अंतर्कर्णातील शंखाकृती भागात ध्वनी ग्रहण करणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. दीर्घकाळ मोठ्या आवाजात राहिल्याने त्या झिजतात आणि मनुष्यामध्ये त्या पुन्हा उगवत नाहीत. झीज प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे तीव्र स्वरांच्या पट्ट्यात होते. त्या ठिकाणी श्रवणालेखात एक खळगा दिसतो. वय वाढले की वार्धक्याची झीज त्यात मिसळते आणि खळगा रुंद होत जातो.

याचा घरातील संवादाशी थेट संबंध आहे. आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे आ, ई, ओ हे, खालच्या पट्टीत असतात. स, श, त, ट, ख यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात. त्यामुळे अशा व्यक्तीला आपण बोलत आहोत हे ऐकू येते, पण काय बोललो ते उमगत नाही. ‘ताट’ आणि ‘खाट’ यांतला आकार पोहोचतो, व्यंजन वाटेतच गळते. आपण ओरडलो तर स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. शिवाय झिजलेल्या कानाला मोठा आवाज एकाएकी असह्य होतो. “हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि मोठ्यानं बोललं तर म्हणतात ओरडू नकोस,” ही पुष्कळ सुनांची तक्रार असते. त्यात हट्टीपणा नसतो, कानाचा तो धर्मच झालेला असतो.

गिरणीतले कामगार खात्यात एकमेकांशी ओठांच्या हालचालींनी आणि खुणांनी बोलत. ही विद्या वडिलांच्या अंगी शेवटपर्यंत होती. आम्ही मात्र त्यांच्याशी स्वयंपाकघरातून, पाठमोरे राहून बोलत होतो. तेव्हा ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ आहेत त्यांनी समोर बसावे, तोंडावर उजेड असावा, दूरदर्शन बंद करावे आणि नेहमीच्याच आवाजात जरा सावकाश बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावे. ‘ताट काढू का?’ याऐवजी ‘जेवायला वाढू का?’ असे विचारावे.

कान आणि स्मरणशक्ती यांचा संबंध केवळ माझ्या घरापुरता नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणे सांगितली आहेत, त्यांत मध्यम वयापासूनची श्रवणहानी हे एक महत्त्वाचे कारण आहे. २०२४ च्या अहवालात अशी एकूण १४ कारणे दिली आहेत. म्हणजे कमी ऐकू येणे हे कधी स्मृतिभ्रंशासारखे भासते, आणि दुर्लक्ष झाल्यास त्याचा धोकाही वाढवते.

पहिल्या दिवसाचा दमा

गिरणीच्या ज्या खात्यांत कापूस फोडला, पिंजला आणि काढला जाई, तेथे आवाजापेक्षा धूळ अधिक असे. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे. त्या दमट उष्म्यात कापसाची बारीक धूळ श्वासावाटे आत जाई. घरी परतणाऱ्या कामगाराच्या केसांत आणि भुवयांत कापूस अडकलेला मी लहानपणी चाळीत रोज पाहिला आहे.

या धुळीने होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक विलक्षण खूण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला येतो, धाप लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागते. कामगाराला वाटते, सुट्टीत काहीतरी बाधले. वर्षे लोटतात तशी ही आवळ आठवड्याच्या इतर दिवसांतही पसरते आणि शेवटी काहींच्या बाबतीत श्वासनलिकांचे अरुंदीकरण कायमचे होऊन बसते. त्या अवस्थेत तो आजार धूम्रपानाने होणाऱ्या दीर्घकालीन श्वसनविकारासारखाच दिसतो. विडी ओढणाऱ्या कामगाराच्या बाबतीत तर दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. बिसिनोसिस ओळखता येईल असे कोणतेही खास चिन्ह छातीच्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री चाचणी श्वासमार्गातील अडथळा दाखवते, पण तो कशामुळे आला हे सांगत नाही. ते केवळ रुग्णाच्या स्मरणात असते. “आबा, गिरणीत असताना सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती भरून यायची का?” हा प्रश्न कोणी विचारला तरच ते बाहेर येते. आबांना विसर पडण्यापूर्वी तो विचारलेला बरा.

तीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या परंपरेनुसार रुग्णाला जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे त्याने सांगितले : तुम्ही काम काय करता? व्हेनिसमधील तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर अखंड घणाघातामुळे बहिरे होत जातात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले असेल त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

यंत्रयुग आले तेव्हा या प्रश्नाचे महत्त्व शतपटीने वाढले. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची. ती १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर सव्वाशे वर्षे कोकणातील आणि घाटावरील लाखो माणसे भोंग्याच्या तालावर जगली. दिव्यांच्या उजेडाने रात्रपाळी शक्य केली आणि माणसाच्या झोपेचे गणित बदलले. आपल्या घरातील निवृत्त गिरणी कामगार पहाटे तीनला जागा होऊन बसत असेल, तर त्याला केवळ ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नये. पाळ्या बदलत काढलेल्या वर्षांविषयीही डॉक्टरांना सांगावे.

गिरण्या बंद झाल्या आणि त्या जागी उंच इमारती आल्या. पण तेथील धूळ आणि आवाज ज्यांच्या शरीरात राहिले, ती माणसे आज पंच्याहत्तरी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. कारखाना बंद होतो तेव्हा त्याचे दप्तरही विस्कटते. कोणत्या खात्यात किती धूळ होती, कोणाची तपासणी कधी झाली, हे सांगणारे कोणी उरत नाही. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आदेश दिला की, कामगाराच्या आरोग्याची नोंद काम सुरू झाल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी. कारण उघड आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग वीस ते पन्नास वर्षांनंतरही प्रकट होऊ शकतो. इतर उद्योगांतून आलेल्या बहुतेकांच्या पाठीशी अशी नोंद नाही. म्हणून ती आपल्यालाच घरी तयार करावी लागेल.

पत्रिका कशी लिहावी?

आपण जन्मपत्रिका रेशमी कापडात गुंडाळून जपतो. तशीच एक कामाची पत्रिका करावी. एक कोरा कागद घ्यावा आणि एखाद्या निवांत दुपारी ज्येष्ठांच्या शेजारी, किंवा खरे तर समोर, बसून पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणते काम केले. गिरणी किंवा कारखान्याचे नाव पुरेसे नाही, खाते लिहावे. साचेवाला आणि कापूस फोडणारा यांचे धोके निराळे आहेत.

२. तेथे काय होते : धूळ, धूर, मोठा आवाज, उष्णता, रंग, रसायने, शिसे. शेजारच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत होते का, एवढ्या एका प्रश्नावरून आवाजाचा अंदाज येतो.

३. पाळ्या कशा होत्या आणि रात्रपाळी किती वर्षे केली.

४. सुट्टीत किंवा गावी गेल्यावर त्रास कमी होत असे का, आणि कामावर परतल्यावर वाढत असे का.

५. ते काम सुटल्यानंतर काय केले. गिरणी सुटल्यावर कोणी रखवालदारी केली, कोणी बांधकामावर गेले, कोणी भाजी विकली. या कामांचीही नोंद हवी.

६. तंबाखू, विडी, मशेरी किती व किती वर्षे. हे लपवू नये.

स्त्रियांची पत्रिका लिहिताना विशेष काळजी घ्यावी, कारण “मी कुठं काम केलं, मी घरीच होते,” असे त्या हमखास म्हणतात. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत स्त्रिया होत्या. सोलापूर आणि सिन्नरकडे घराघरांत विड्या वळल्या गेल्या आणि तंबाखूची भुकटी त्या श्वासावाटे व त्वचेवाटे घेत राहिल्या. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक रोज दोन वेळा धुरात केला. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणे हेही कामच होते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या पत्नींना केवळ त्या धुण्यातून आजार जडल्याचे वैद्यकशास्त्रात नोंदले गेले आहे.

गिरणी कामगारांच्या घरात पगाराची चिठ्ठी, तिकीट क्रमांक, भविष्य निर्वाह निधीची पावती, राज्य विमा योजनेचे कार्ड असे कागद घरांच्या सोडतीसाठी म्हणून अजून जपलेले असतात. त्यांची एक प्रत आरोग्याच्या फाईलमध्येही लावावी. ज्यांनी राज्य कामगार विमा योजनेत पुरेशी वर्षे काढून निवृत्ती घेतली आहे, त्यांना व त्यांच्या जोडीदाराला अल्प वार्षिक वर्गणी भरून वैद्यकीय सेवा मिळण्याची तरतूद आहे. जवळच्या शाखेत जाऊन आपण तीत बसतो का, याची विचारणा करावी. कामामुळे होणारे बहिरेपण आणि बिसिनोसिस हे दोन्ही कायद्याने मान्य केलेले व्यावसायिक आजार आहेत. नुकसानभरपाईच्या दाव्यांना मात्र मुदती आणि अटी असतात, तेव्हा त्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा आणि आधीच मोठी आशा बांधू नये.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली : प्रत्येक धाप गिरणीची नसते आणि प्रत्येक बहिरेपण साच्याचे नसते. कानात साठलेला मळ हे सर्वांत साधे कारण आधी पाहून घ्यावे. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले, धाप वेगाने वाढली, पायांवर सूज आली, थुंकीतून रक्त पडले किंवा वजन अकारण घटले, तर पत्रिका लिहीत न बसता त्वरित डॉक्टरांकडे जावे. पत्रिका निदानाला मदत करते, निदान करीत नाही.

दुसरी सूचना काळजी घेणाऱ्या तरुण मंडळींसाठी. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर आजही धोटे ठोकरले जात आहेत. आपल्या घरातील कोणी तेथे असेल तर कानात घालावयाची बोंडे रोज वापरावीत आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. गेलेले श्रवण परत येत नाही, उरलेले मात्र राखता येते.

माझे वडील श्रवणयंत्रासह आणखी सहा वर्षे जगले. त्या सहा वर्षांत त्यांनी नातवंडांना संपाच्या, खानोलीतल्या दिवसांच्या आणि भोंग्याच्या कितीतरी हकिकती सांगितल्या. आधीची तीन वर्षे मात्र मी त्यांना परत देऊ शकलो नाही. आपल्या घरी जर कोणी चारचौघांत गप्प बसू लागले असेल, भलतीच उत्तरे देत असेल, जिना चढताना थांबत असेल, तर पुढच्या तपासणीपूर्वी एवढेच करावे : समोर बसावे, तोंडावर उजेड येऊ द्यावा आणि विचारावे, “तुम्ही काम काय करत होता?” मग जे ऐकाल ते कागदावर लिहून पिशवीत, सर्व अहवालांच्या वर ठेवावे.